महिनाअखेरची टेप

महिन्याचा शेवटचा शनिवार, ऑफिस सुटल्यानंतरची वेळ. रक्कम एक रुपया. हजर तिघं: फॅक्सनाना, त्यांच्या घरच्या नानी आणि कॅशियर म्हणून मी. तो रुपया कशाचा, हे सांगायचं तर नानांपासूनच सुरुवात करावी लागते.

ओतूरजवळ द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघं होतो. कंपनी पुढं बंद पडली, टेपा भंगारात गेल्या, नानाही गेले. आलेले फॅक्स बघणं आणि रोज संध्याकाळी कॉम्प्युटरमधलं सगळं टेपवर भरून ठेवणं, हे त्यांचं काम. टेपा कॅसेटसारख्या दिसत. पॅकिंगच्या बाया विचारत, "नाना, गाणी हायेत का ह्यात?" नाना मान वर न करता म्हणत, "गाणी न्हाईत. तुमचे खाडे हायेत."

घरचं काम ऑफिसच्या कागदावर करायचं नाही, हा त्यांचा नेम. एकुलता मुलगा आखातात क्रेनवर होता. घरी फोन नव्हता, म्हणून तो हातानं पत्र लिहून ऑफिसच्या नंबरवर फॅक्स करी. तेवढी परवानगी मालकांनी दिली होती. ते पत्र कॉम्प्युटरमध्ये येई. नाना पडद्यावरच वाचून पाठ करत, बेल्ह्याला घरी जाऊन नानींना म्हणून दाखवत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुसून टाकत.

खासगी कागद छापायचा तर पानाला एक रुपया, असा कंपनीचा दर होता. मी म्हणायचो, "नाना, रुपया टाका अन् कागद काढा की."

"भाऊ, आज रुपया टाकून काढंन, उद्या न टाकता काढंन."

एका सकाळी टाईप केलेला इंग्रजी फॅक्स आला. नाना माझ्या टेबलाशी आले. "मला समजलंय. तरी तुमी एकदा वाचा." मी वाचला. क्रेन कलंडली होती. तो कागद मी छापला. नानांनी त्याला हात लावला नाही.

मुलाची पेटी आली ती उघडू नये अशा चिठ्ठीसकट. बुद्धवंदना झाली आणि पेटीलाच अग्नी दिला. महिनाभरानं नानी म्हणाल्या, "तोंड तर न्हाई दिसलं. त्याचं अक्षर तरी आणा."

अक्षर उरलं असलं तर टेपेवरच. पण रोजच्या टेपा पुन्हा पुन्हा वापरल्या जात. महिनाअखेरची तेवढी वेगळी ठेवत. म्हणजे महिना संपता संपता आलेलंच पत्र सापडणार. नानांनी मालकांना विचारून त्या सगळ्या टेपा एकेक करून तपासल्या. पत्र एकाच टेपेत होतं आणि तिला कपाटातली ओल लागलेली; फिरली तर अजून एकदाच फिरेल, असं नाना म्हणत. म्हणून शनिवारी त्यांनी नानींना सोबत आणलं.

टेप घरघरत फिरली. पडद्यावर पान वरून खाली उमटू लागलं, निम्म्यावर थांबलं. आतून करकर आवाज आला. टेप गुंतून तुटली होती.

नानांनी आलं तेवढं छापलं आणि कागद नानींच्या हातात दिला. नानींना वाचता येत नव्हतं. त्यांनी अक्षरांवर तळवा ठेवला. "वाचा," त्या म्हणाल्या.

"'नाना आणि आईस नमस्कार. इथं लई ऊन हाय, पण जेवण बरं हाय. आईला म्हणावं...'" नाना थांबले. "म्होरलं टेपेवर न्हाई."

"म्होरलं मला येतं," नानी म्हणाल्या. "'आईला म्हणावं, गुडघ्याला तेल लाव. शेळीची पाट इकू नका. दिवाळीच्या आत येतो.' एवढंच व्हतं ना?"

"एवढंच."

"तुमी मनचं काय घातलं नव्हतं?"

"न्हाई."

नानींनी मान डोलावली.

नानांनी सदऱ्याच्या खिशातून रुपया काढून माझ्यापुढं ठेवला.

"नाना, ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो.

"पावती फाडा."

मी पावती फाडली. कागद अर्धाच भरला होता; रुपया पुरा घेतला, आणि सोमवारी कंपनीच्या खात्यात जमा केला.