दत्ता आणि माझा गुडघा

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी गंगाखेडला माझ्या चहाच्या टपरीवर चार गिऱ्हाइकांना सांगत होतो, की एके काळी मी कबड्डीत चढाईला निघालो की समोरचे सातही जण घरच्यांचा निरोप घेऊन उभे राहायचे. फोनवर त्याचा धाकटा भाऊ बंडू होता. "बबनदादा, दत्तादादा गेला. गिरणीतच. पट्टा चढवायला वाकला अन् उठलाच न्हाई." गिऱ्हाइकं अजून हसत होती... मी फोन खिशात ठेवला आणि, खरं सांगतो, राहिलेली गोष्ट पुरी केली. दुसरं काय करावं ते सुचलंच नाही.

झरी गावात आम्ही एकाच गल्लीत वाढलो, पण देवानं आम्हा दोघांचं वाटप डोळे मिटून केलं असावं. मी उडी मारली की खाली येईपर्यंत बघणाऱ्याचं पान खाऊन व्हायचं. दम असा, की एका श्वासात कबड्डी-कबड्डी म्हणत परभणीला जाऊन यावं, वाटेत एसटी आडवी आली तर तिला पुढं जाऊ द्यावं. दत्ताचं सगळं उलटं. तो पळायला लागला की त्याची सावली कंटाळून घरी जायची. पण पहाटे पाचला माझ्या दाराची कडी वाजवणारा तोच. "ऊठ रे. फुकट मिळालंय म्हणून झोपायलास का? मला मिळालं असतं तर मी झोपलोच नसतो." मी पांघरुणातून म्हणायचो, "मग माझ्या वाटचं बी तूच पळ की." आणि तो पळायचा. शाळेच्या मैदानाला वीस फेऱ्या... दहा त्याच्या, दहा माझ्या.

जिल्हा संघाची निवड परभणीला होती, पंचावन्न किलोच्या आतल्या गटात. दत्ता अंगानं जड, त्यानं दोन महिने ताकावर काढले. मी मुळातच चोपन्नचा, मला काही सोडायचं नव्हतं. नेमकी आदल्या दुपारी मामाच्या गावात कंदुरी होती. आमच्याकडे नवस फिटला की दर्ग्यावर बकरं कापतात आणि अख्खा गाव पंगतीला बसतो. दत्तानं बजावलं होतं, "नुसतं पाया पडून ये. ताटाला हात लावू नको." मी किती खाल्लं ते सांगत नाही, एरवी वाढवून सांगतो, पण हे कमी करून सांगितलं तरी कुणाला पटणार नाही. सकाळी मैदानाजवळच्या भुसार दुकानात काट्यावर चोरून उभा राहिलो. छप्पन्नला जरासं कमी. वजनाला अजून दोन तास होते. उन्हात पळालो असतो, घाम गाळला असता, तर उतरलं असतं. दत्ता जन्मभर तेच करत होता. मला कंटाळा आला... नुसता कंटाळा. मी लंगडत मैदानावर गेलो आणि म्हणालो, "गुडघा निसटला."

दत्ताचे डोळे भरून आले. माझ्या जागी त्याला उतरवलं. तीन चढाया केल्या, तिन्हीत पकडला गेला. परतताना त्यानं मला खांद्याचा आधार देत स्टँडवर आणलं, आणि एसटीत समजूतही तोच काढत होता. "माझ्यात नव्हतंच बबन. तुझ्यात होतं, ते मोडलं. नसीब."

पुढं त्यानं पिठाची गिरणी टाकली आणि रोज संध्याकाळी पाचला ती बंद करून गावच्या पोरींना कबड्डी शिकवू लागला. माझी गोष्ट तो सगळ्यांना सांगायचा आणि माझ्यापेक्षा चांगली सांगायचा, कारण त्याला ती खरी वाटत होती. हजार थापा मी एका दमात मारल्या. हे एक खरं बोलायला मात्र वीस वर्षांत दम पुरला नाही. गेल्या पोळ्याला तो टपरीवर आला होता, तेव्हा धीर करून सुरुवात केली. "दत्ता, तो गुडघा..."

"दुखायलाय का अजून?"

"...थोडा," मी म्हणालो.

खेळाडूला अंगची देणगी लागते की जिद्द, असं लोक विचारतात. आम्हा दोघांत मिळून दोन्ही होतं, भरपूर होतं. त्यातून जिल्ह्याला एकही खेळाडू मिळाला नाही.

तेराव्याला झरीला गेलो. संध्याकाळी पाय आपोआप मैदानाकडे वळले. दहा-बारा पोरी मातीत ओळीनं बसून गुडघ्याला तिळाचं तेल चोळत होत्या, शंभरपर्यंत मोजत. मी विचारलं, "आता कोण शिकवतं तुमाला?"

"कुणीच न्हाई," त्यातली मोठी म्हणाली. "पण एवढं रोज करतो आमी. दत्ताकाका म्हणायचे, बबनकाकाचा घात झाला तसा तुमचा व्हायला नको." मग तिनं मला नीट निरखलं. "तुमीच का ते?"

मी मान हलवली. तिनं सरकून जागा केली, माझा हात ओढून तळव्यावर तेल ओतलं. तोंड उघडलं होतं मी... त्या मोजायला लागल्या. मी खाली बसलो, विजार वर सारली आणि कधीच काही न झालेला तो गुडघा शंभर होईपर्यंत चोळत राहिलो.