चाचांनी माझा हात पाहिला

आमच्या शॉपमध्ये ज्यांना सगळ्यात कमी ऐकू यायचं, त्यांचाच हुकूम सगळ्यात जास्त चालायचा. ते म्हणजे चाचा. महाळुंग्याच्या फोर्जिंग कंपनीत मोठ्या हॅमरवर ते मुख्य ऑपरेटर आणि मी त्यांच्यासमोर भट्टीवर. मी लालभडक लोखंडाचा तुकडा भट्टीतून काढून द्यायचा, त्यांनी तो हॅमरखाली धरायचा. उभा जन्म त्या दणक्यांत काढल्यावर दोन्ही कान कामातून गेले होते. नवा पोरगा त्यांच्या तोंडाजवळ जाऊन ओरडला, की चाचा शांतपणे गाल पुसायचे. म्हणायचे, "थुकी उडवू नको. हातानं सांग."

तिथं तसंही कोणाचं कोणाला ऐकू जात नाही. सगळा कारभार हातावर. मूठ वर केली म्हणजे हॅमर मार. हात बाजूला फेकला म्हणजे पळ. आणि उघडा पंजा वर केला म्हणजे जिथं आहेस तिथं, आहेस तसा थांब. पाऊल उचललं असेल तर ते टेकवायचंसुद्धा नाही. लातूरहून येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. चाचांनी पंजा दाखवला आणि काय म्हणतात ते विचारायला मी एक पाऊल पुढे टाकलं. हॅमरखालून सटकलेला तप्त तुकडा माझ्या नाकासमोरून गेला. चाचांनी मशीन बंद केलं, सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली वाजवली आणि मग कँटीनमध्ये नेऊन आपल्या वाटचा शिरा माझ्यापुढे सरकवला. "हात दिसला की आधी थांबायचं, लातूर. का थांबवलं, ते जिता राहिल्यावर विचारायचं."

आठ वर्षं आम्ही समोरासमोर उभे राहिलो. या आठ वर्षांत मी त्यांचा पंजा कधी मोडला नाही आणि त्यांनी माझा.

चाचा मूळचे रहाटणीचे. तिथं सोसायट्या उठण्याआधीपासूनचं त्यांचं घर. कोवळ्या वयात ते पिंपरीतल्या ज्या कारखान्यात लागले, तिथला हॅमर वाफेवर चालायचा. त्यामुळे वाफेच्या कुठल्याही गोष्टीबद्दल ते नात्यातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. कुठे जुनं इंजिन चालवणार अशी खबर लागली, की रजा टाकून कॅमेरा गळ्यात अडकवून निघालेच. कारण विचारलं तर छातीवर हात ठेवायचे. "वाफेचं इंजिन मला इथं ऐकू येतं. ही विजेची गाडी म्हणजे मांजर. कवा आली, कवा गेली, काय कळत न्हाई."

फोटो मात्र, खरं सांगतो, अगदीच सुमार. चहाच्या सुट्टीत ते अल्बम उघडायचे आणि आम्ही हसून हसून बेजार. प्रत्येक फोटोत इंजिनाच्या आधी दुसरंच काहीतरी. विजेचा खांब, बकरी, कोणाचं तरी कोपर. एका फोटोत तर अख्खी वरात होती आणि मागे थोडासा धूर. चाचाही हसायचे. पण निवृत्तीला महिना राहिला, तेव्हा एकदा अल्बम मिटून म्हणाले, "एक साफ फोटो पायजे रे. मधी कोन न्हाई. फक्त ती. मग कॅमेरा पोराला देऊन टाकतो."

त्यानंतर पंधरा दिवसांतच कळलं, की पुण्याहून लोणावळ्याकडे वाफेच्या इंजिनाची एक खास फेरी सोडणार आहेत. त्यात वार गुरुवार, म्हणजे आमच्या सुट्टीचा. चाचा भट्टीपाशी येऊन लहान मुलासारखे नाचले. माझी मोटारसायकल आणि मागे चाचा, असं ठरलं.

आकुर्डीला पहिला प्रयत्न केला. इंजिन आलं, आणि फलाटावरचे दोनशे मोबाइल एकदम वर झाले. चाचांना फोटोत लोकांचे दंडच दंड मिळाले. "चल, म्होरं चल!" देहूरोडला फाटक बंद, तिथं चुकलो. तळेगावला मध्ये मालगाडी उभी. चाचा माझ्या पाठीवर थापा मारत होते, मी जुन्या हायवेने गाडी पिळत होतो. कान्ह्याच्या पुढे रूळ वळण घेतात, तिथं शेताच्या बांधावर आम्ही इंजिनाच्या बरेच आधी पोचलो. माणूस नाही, खांबही सोयीचे. चाचांनी मला बांधावर उभं केलं आणि पलीकडून फोटो कसा येईल ते पाहायला स्वतः रूळ ओलांडून गेले. पण पलीकडे गेल्यावर ऊन थेट भिंगात आलं. त्यांनी हातानेच मला सांगितलं, इथून नाही जमणार, परत येतो.

पुण्याच्या बाजूला धूर दिसायला लागला होता. इंजिन अजून लांब होतं. चाचा त्या धुराकडे बघत, हसत, भराभर रूळ ओलांडत होते. पहिला मार्ग ओलांडला. दुसऱ्यावर पाऊल टाकलं. आणि लोणावळ्याच्या बाजूच्या वळणातून त्याच मार्गावर लोकल बाहेर आली.

ती भोंगा वाजवत होती. मी ओरडलो. कशाचाच उपयोग नव्हता. आणि मी माझा हात वर केला. उघडा पंजा.

दुसरा कुठलाही माणूस दचकला असता, पळाला असता. निदान मागे वळून पाहिलं असतं. चाचांनी माझा हात पाहिला आणि ते थांबले. त्या दुसऱ्या मार्गाच्या दोन रुळांच्या मध्ये, एक पाय किंचित उचललेला, अगदी हॅमरसमोर थांबावं तसे. दोन पावलं टाकली असती तर ते माझ्याजवळ असते. ते चालतच होते हो. मीच थांबवलं. हात बाजूला फेकायचा होता, पळ म्हणायचं होतं, हे मला कळलं तेव्हा लोकल मध्ये होती.

लोकल संपायला किती वेळ लागतो, ते मला विचारा.

पंचनाम्यात लिहिलं, ऐकू येत नसल्याने गाडी कळली नाही. कंपनीत सगळे तेच म्हणाले. बिचारे बहिरे, त्यात फोटोचा नाद. लोक माझ्या खांद्यावर हात ठेवायचे, तुझ्या डोळ्यांदेखत झालं रे म्हणायचे. मी मान हलवायचो. माझ्या हाताबद्दल मी कोणालाच सांगितलं नाही. घास घेताना तो उजवा हात तोंडाजवळ आला, की मला शिसारी यायची.

चाळिसाव्याचं जेवण आटोपल्यावर मी रहाटणीला मागे थांबलो. पाहुणे गेले होते. चाची ओट्यावर भांडी पालथी घालत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पंजा म्हणजे काय तेही सांगितलं. "चाची, त्यांना गाडीनं नाही, मी मारलं."

चाचींच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"म्हंजी तू थांब म्हनलास, आन ते थांबले?"

"हो."

"इचारलं न्हाई काय, मागं बगितलं न्हाई?"

"नाही."

चाची खाली बसल्या. पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "चाळीस वर्सं मी बोंबलत व्हते, रुळाकडं जाऊ नका, जाऊ नका. माझं येकदा आयकलं न्हाई त्या मानसानं. आन तुझं आयकलं."

मी त्यांच्या पायांशी वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. मग पातेलं जागेवर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुन्यांदा येऊ नको, आसं मी म्हनत न्हाई. ये. पन आज जा."

मी निघालो.