कडुनिंबावर आंबा

सेलूत माझी नर्सरी आहे. दर रविवारी तिथं नवशिक्यांना कलम बांधायला शिकवतो. रोपं विकली जातात हो, किस्से मात्र कोणी नेत नाही, म्हणून ते माझ्याकडे ढीगभर साठलेत.

*

पहिल्याच रविवारी बांगड्यांच्या दुकानवाल्या सुनंदाकाकू आल्या. ओल्या फडक्यात बारा काड्या, केळझरच्या माहेरच्या आंब्याच्या. भाऊ तिथं नवीन घर बांधत होता आणि चार दिवसांत झाड पडणार होतं.

"याच्यातून जेवढं जगलं तेवढंच माहेर," काकू म्हणाल्या.

म्हटलं, द्या, मी बांधतो.

"नाई भाऊ. मी माया हातानं बांधीन."

चाकू उलटा धरला होता. मला घामच फुटला.

*

काकूंच्या अंगणात मोठा कडुनिंब. त्यावरच आंबा बांधायचा म्हणत होत्या.

"जमणार नाही काकू."

"काऊन? चांगला तगडा हाय."

मी समजावलं, खालचं झाड, म्हणजे खुंट, नात्यातलाच लागतो. माणसांत एका गोत्रात लग्न जमत नाही, झाडांत गोत्र जुळलं तरच जमतं.

काकूंनी विचार केला. "बरं हाय त्याईचं. सोयरिकीसाठी गावोगाव फिरावं नाई लागत."

शेवटी गावठी आंब्याच्या बारा रोपांवर त्यांनी बारा कलमं बांधली.

*

त्याच क्लासात नामदेवभाऊ, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. कलमाच्या जोडावर गुंडाळलेली पट्टी काही आठवडे सोडायची नसते, हे शंभरदा सांगितलं. भाऊ रोज सकाळी आपल्या संत्र्याच्या कलमाची पट्टी सोडून आत बघायचे. कलम मेलं. मी चिडलो.

"गाडी काढ्याच्या आंधी टायर ठोकून पाह्याची सवय हाय, काय करू?"

काकूंच्या कलमांपासून त्यांना दहा हात लांब बसवलं.

*

दुसऱ्या वेळी भाऊंनी पट्टीला बोट लावलं नाही. तीन महिन्यांनी पेढे घेऊन हजर. त्यांच्या घरी जाऊन बघतो तर वर बांधलेला संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, केव्हाच वाळलेला, आणि खालच्या जंबेरी लिंबाच्या खुंटालाच हातभर काटेरी फूट आलेली.

"भाऊ, हे संत्रं नाही, आंबट जंबेरी आहे. कापून टाका."

"साऱ्या लेआऊटमंधी घरोघरी पेढे वाटून झाले. आता हेच संत्रं."

*

काकूंच्या काड्या एकेक करून काळ्या पडत गेल्या. रोज दुकान बंद करून यायच्या आणि कुंड्यांसमोर बसून राहायच्या. दहा गेल्या. मग एका सकाळी उरलेल्या दोनांवर तांबूस पालवी. काकू माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडल्या. खोटं कशाला सांगू, मीही रडलो. त्यांनी साऱ्या नातेवाइकांना फोन केले, भावाला सोडून.

*

पुढच्या पावसाळ्यात एक माणूस नर्सरीत आला. केळझरहून आलो म्हणाला.

"घर झालं, पण आंगण लय भकास वाटून राह्यलं. आमचा जुना आंबा होता ना, तसं एखादं झाड द्या."

मागे रोपांत बसलेल्या काकूंकडे मी पाहिलं. त्यांना बघून त्याची मान खाली गेली. काकू उठल्या, पदराला हात पुसले आणि कलमाचा चाकू भावाच्या हातात दिला.

"कापता तं येतेच तुले. बस, आता बांधाले शीक."