काकूंनी रद्द केलेलं ऑपरेशन

"इंजेक्शन आजच मिळेल ना?" वसुधाकाकूंनी लॅबच्या दारातूनच विचारलं. हातात हिंदी पेपर. मथळा होता, 'अब फिर उगेंगी कटी नसें', म्हणजे तुटलेल्या नसा आता पुन्हा वाढणार.

काकू या हिंदी भाषक शहरातल्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या शेजारी. शाळेत चित्रकला शिकवायच्या. दोन महिन्यांपूर्वी खिडकीची काच उजव्या मनगटात घुसली. वरून टाके पडले, आतला मज्जातंतू तुटलेलाच राहिला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर. ब्रश धरता येईना.

पेपरातली लॅब आमचीच. मज्जातंतूला ग्लिया नावाच्या पेशींचं वेष्टण असतं. तंतू तुटला की याच पेशी त्याला पुढची वाट दाखवतात. ग्रोथ फॅक्टर म्हणजे या पेशींना 'वाढा' असा निरोप देणारं प्रोटीन. ते घातल्यावर आमच्या पेशी भराभर वाढल्या होत्या. पण उंदराच्या पेशी, काचेच्या डिशमध्ये.

"काकू, हे औषध नाही अजून. पेशींना 'वाढा' सांगता येतं, 'थांबा' सांगता येत नाही. गाठ झाली तर?"

काकू खुर्चीत बसल्या. "अगं नीला, उद्याचं ऑपरेशन मी सकाळीच कॅन्सल करून टाकलं."

मी लगेच सर्जनना फोन लावला. काकूंची वेळ दुसऱ्याला दिली होती. आता तीन आठवड्यांनंतरची तारीख. तुटका तंतू जोडल्यावरही दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो. तो पोचेतोवर हाताचे स्नायू वाळत जातात.

मी लॅबच्या प्रमुखांकडे, सरांकडे गेले. "पेपरात खुलासा द्यायला हवा."

"रहने दीजिए, नीलाजी. लैब का नाम हो रहा है."

मी काकूंना आत बोलावलं. सरांनी तो हात पाहिला, रद्द केलेल्या ऑपरेशनचं ऐकलं आणि खुलाशाचं पत्र स्वतःच लिहिलं. पेपरात ते आतल्या पानावर चार ओळींत आलं.

ऑपरेशनमध्ये काकूंच्याच पायातल्या मज्जातंतूचा तुकडा मनगटात जोडला. त्यात जिवंत ग्लिया असतात आणि ग्रोथ फॅक्टर त्या स्वतःच तयार करतात. हे सांगितल्यावर काकू हसल्या. "म्हणजे तुझं औषध माझ्याच पायात होतं तर!"

वर्षभराने ब्रश धरता आला. पण चहा गरम आहे का, हे त्या अजून डाव्या हातानेच बघतात.

त्या तीन आठवड्यांच्या उशिराने किती नुकसान झालं, हे सर्जनही सांगू शकले नाहीत. तेव्हापासून पत्रकारांकडे मी मजकूर छापण्याआधी वाचायला मागते. बहुतेक जण देत नाहीत. मग मीही त्यांच्याशी संशोधनाबद्दल बोलत नाही.