हरणटोळाला वाट देणारा

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. चांदा जिल्ह्यात बांबूच्या मोजणीवर मी नवा कारकून होतो. आरमोरीहून जंगलात पोचवायला एक बांबू तोडणारा माझ्यासोबत आला. त्याचं नाव मी विचारलं नाही. मला घाई होती.

हरणटोळ हा हिरवा साप झाडावरून थेट डोळ्यांवर झेपावतो, असं गावात कुणीतरी सांगून ठेवलं होतं. म्हणून डोक्यावरचा पंचा मी पार भुवयांखाली ओढला होता. तो बांबू तोडणारा मात्र बोडक्या डोक्यानं पुढे चालायचा. बांबूच्या प्रत्येक बेटाशी कुऱ्हाडीच्या दांड्यानं दोनदा टकटक करायचा आणि उभा राहायचा.

"चला ना लवकर!" मी दर वेळी करवादायचो.

"आत राहणाऱ्याले निघू द्या आधी."

नाल्याचा चढ चढताना मी आधाराला एक वेल धरायला गेलो, तोच त्यानं माझं मनगट पकडलं. मी पंचा वर केला, तर वितीवर हरणटोळ! करंगळीएवढा जाड, पानांसोबत झुलणारा. वारा पडला तसा तोही थांबला. मी त्या माणसाच्या कुऱ्हाडीला हात घातला. त्यानं ती सोडली नाही.

"वारा थांबला, तो बी थांबला. तुमीच काऊन हालून राह्यले, बाबू?"

आता मी निवृत्त आहे. कुठं जायचं नसतं. दुपारी अंगणात खुर्ची टाकून बसतो. समोरच्या कडुलिंबाचं पान हालत नसतं. माझा पाय हालत असतो.