मापाचा दोरा

कोपरला आमच्या शेजारचे काका पूर्वी बोटीवर फिटर होते. स्टेशनलाही ते अजून धक्काच म्हणतात. मी कंपनीच्या कामासाठी इटलीतल्या जिनोआ बंदरात जाणार म्हटल्यावर त्यांनी पाकिटातून गाठ मारलेला दोरा काढला.

"काकूच्या पावलाचं माप आहे रे. धक्क्यावर समुद्राकडे पाठ कर आणि समोरच्या कमानींखाली शिर. चपलांची दुकानं लागतील. लाल आण."

दर सफरीत ते स्वतः आणायचे.

दोन संध्याकाळी गल्ल्या पालथ्या घालून मी लाल जोडी आणली. काकूंची टाच बोटभर बाहेर! दोरा लग्नाच्या वर्षीचा होता. मी ओशाळलो.

काकांनी दोरा नीट गुंडाळून पाकिटात ठेवला. "माप बरोबरच आहे."

काकू त्याच चपला घालून, टाचा बाहेर ठेवून, भाजीला गेल्या.