आफ्रिकेतली बाई

नागपुरात गांधीबागेतल्या एका दुकानात एक रंगारी शाळांसाठी भिंतीवरचे नकाशे रंगवायचा. युनियनची पत्रकं वाटून झाली की मी तिथं टेकायचो. नकाशाशी तो गायीशी बोलावं तसं बोलायचा, "सरक वं, वाळवंट येऊ दे."

त्याच्या आफ्रिकेत सिंह, जिराफ, जंगल, कपाशीची शेतं, सगळं असे. माणूस मात्र एकही नसे. एकदा मी चिडून म्हणालो, "ही शेती काय जिराफ करतात?"

तो हसला. "तेही खरंच हाये, भाऊ."

दुसऱ्या दिवशी कपाशीत एक बाई वाकलेली दिसली. ओटीत कापूस, पाठीवर लेकरू. इतका जीव लावून त्यानं सिंहसुद्धा रंगवला नव्हता.

दुकानाच्या शेठनं ती पाहिली. "शाळेले जनावरं पाहिजे. ही बाई काहून काढली? मिटव, नाही तं उद्यापासून येऊ नको."

त्यानं तिच्यावर शहामृग रंगवला.

"तुम्ही ऐकून का घेतलं?" मी भडकलो.

"घरी चूल हाये, भाऊ. तुमच्या पत्रकात छापा तिले." त्यानं पुढचं कोरं कापड ताणलं. "आता आशिया. आपल्या नागपूरच्या जागी वाघ काढतो."